समोर बसलेली बाई



या कार्यक्रमात आपण एरवी कर्जफेडीबद्दल बोलतो, मोहफुलाच्या साठवणीबद्दल बोलतो, शेळ्यांच्या लसीकरणाबद्दल बोलतो. आजचा विषय यातल्या कशातच बसत नाही. आज मला चित्रकलेच्या इतिहासातला एक भाग सांगायचा आहे. समोर जिवंत माणूस बसवायचा आणि त्याच्याकडे बघत बघत त्याचं चित्र काढायचं, त्याचा हा इतिहास. चित्रकलेच्या शाळेत या तासाला ‘लाइफ क्लास’ म्हणतात आणि चित्रासाठी जो माणूस बसतो किंवा उभा राहतो त्याला ‘मॉडेल’ म्हणतात.

याचा आपल्या बचत गटाशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. संबंध असा, की या इतिहासात बाई पहिल्यापासून आहे, पण ती मॉडेलच्या जागेवर आहे. तिच्याकडे बघून पुरुषांनी चित्रं काढली, नाव कमावलं. तिच्या हातात पेन्सिल द्यायला मात्र जगानं फार वर्षं लावली. आणि कमाईसाठी नाही, स्पर्धेसाठी नाही, नुसतं आपल्याला बरं वाटतं म्हणून चित्र काढायचं, तर त्यासाठी लागणारा एक तास आजही आपल्यातल्या कितीजणींकडे आहे? म्हणून हा इतिहास आपण ऐकावा असं मला वाटतं.

सुरुवात आपल्या घरापासून करू. आपल्या भागात बाईचा हात चित्रापासून कधीच लांब नव्हता. सणाला दारात रांगोळी पडते. नागपंचमीला भिंतीवर नाग निघतो. घर सारवताना ओल्या मातीत बोटांची नक्षी उमटते. तिकडे पालघरकडे वारल्यांच्या घरी लग्नाचा चौक भिंतीवर लिहायचा मान सवाशिणींचा. आणि आपल्याकडे गोंदण आहे. आपल्या आज्यांचे हात बघा, कपाळ बघा. बाकीचे दागिने माणूस गेल्यावर काढून घेतात, गोंदण तेवढं सोबत जातं, असं जुन्या बाया सांगतात. गोंदणारी बाई आणि गोंदून घेणारीही बाईच. एका बाईनं दुसरीसमोर बसायचं, तिचा हात आपल्या हातात घ्यायचा आणि मन लावून रेघ ओढायची, हे आपल्याला नवं नाही.

पण यात एक फरक आहे. रांगोळी, चौक, गोंदण हे सगळं हाताला पाठ असतं. आईनं जसं काढलं तसं आपण काढतो. ठिपके कुठं द्यायचे, रेघ कुठून न्यायची, हे ठरलेलं असतं. समोरच्या माणसाकडे बघून, तो दिसतो तसा कागदावर उतरवायचा, ही वेगळी रीत आहे. तुमच्या मुलींनी शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या असतील. त्यात एक पेपर स्मरणचित्राचा असतो. बाजाराचं चित्र काढ, पाणवठ्याचं काढ, शेताचं काढ. पोरी झरझर काढतात. पण त्या चित्रातल्या सगळ्या बायांची तोंडं सारखी असतात, सगळ्यांच्या डोक्यावर एकच घागर, सगळ्यांचा पदर एकसारखा. त्यात पोरींचा दोष नाही. आठवून काढलं की असंच होतं. बघून काढलं की एकीसारखी दुसरी निघत नाही.

आपल्या जवळचंच उदाहरण घेऊ. चामोर्शी तालुक्यातलं मार्कंडा आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिलं असेल. महाशिवरात्रीला जत्रेला जातो, वैनगंगेत अंघोळ करतो, दर्शन घेऊन परत येतो. पुढच्या वेळी देवळाच्या बाहेरच्या भिंतींकडे जरा थांबून बघा. माणसांच्या आणि देवांच्या मूर्तींच्या रांगाच रांगा आहेत. हजारेक वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी दगडात माणसाची कंबर वळवली, गुडघा वाकवला. अशा मूर्ती घडवायचं एक शास्त्र होतं. त्यात ‘ताल’ नावाचं माप सांगितलं आहे. ताल म्हणजे मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा पंजा, आणि तेवढीच चेहऱ्याची लांबी. देवांच्या मूर्ती नऊ ताल, दहा ताल उंच धरायच्या, बुटक्या आकृत्यांना कमी ताल द्यायचे.

आत्ता ऐकता ऐकता करून बघा. तळहाताचा खालचा भाग हनुवटीवर ठेवा आणि पंजा चेहऱ्यावर टेकवा. मधलं बोट साधारण केसांच्या सुरुवातीपर्यंत पोचतं. घरातल्या लहानग्यांचंही बघा, सासूबाईंचंही बघा. हे माप कुणीतरी माणसांकडे नीट बघूनच काढलं असणार. म्हणजे बघणं आधी आलं, नियम मागून आला.

आता मुंबईला जाऊ, कारण समोर माणूस बसवून चित्र शिकवायची शाळेतली पद्धत आपल्या राज्यात तिथं रुजली. सर जमशेटजी जीजीभाई यांनी एक लाख रुपयांची देणगी दिली आणि १८५७ मध्ये त्यांच्या नावाची कलाशाळा सुरू झाली. लोक तिला नुसतं ‘जे. जे.’ म्हणतात. काळ लक्षात ठेवायचा तर असा ठेवा: आपल्या बाबुराव शेडमाक्यांना चांद्याच्या तुरुंगात १८५८ मध्ये फाशी झाली, त्याच्या आदल्या वर्षी ही शाळा निघाली. इंग्रज सरकारला तिथून चांगले कारागीर तयार करायचे होते. सुरुवातीला विद्यार्थ्यांपुढे विलायतेतून आणलेले ग्रीक पुतळ्यांचे प्लॅस्टरचे साचे ठेवत. पांढरा, न हलणारा, न थकणारा पुतळा. त्यावरून हात, पाय, डोकं काढायला शिकायचं.

त्याच काळात कोल्हापूरहून एक तरुण तिथं शिकायला आला. महादेव विश्वनाथ धुरंधर. १८९० मध्ये विद्यार्थी म्हणून आत गेले, मग तिथंच शिक्षक झाले आणि १९३१ पर्यंत तिथंच राहिले. त्यांनी आपल्या आठवणींचं पुस्तक लिहिलं, त्याचं नावच ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ असं आहे. धुरंधरांनी बायकांची असंख्य चित्रं काढली. कोण कसं लुगडं नेसते, कोण टोपली कशी धरते, कोण चालताना कुठं हात ठेवते, हे त्यांच्या चित्रांत दिसतं. तसं बघितल्याशिवाय काढता येत नाही.

१९१९ मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन हे जे. जे.चे प्रमुख झाले आणि त्यांच्या काळात तिथं जिवंत मॉडेलवरून, विनाकपड्यांच्या मॉडेलवरूनसुद्धा, चित्र शिकवायचे वर्ग नीट सुरू झाले. विनाकपडे म्हटल्यावर काहीजणींनी पदर तोंडाला लावला असेल. लाजायचं कारण नाही. डॉक्टर होणाऱ्या मुलामुलींना शरीर शिकावं लागतं, तसंच चित्रकारालाही शिकावं लागतं. हाड कुठं वळतं, खांद्याचा स्नायू कुठं ताणतो, बसल्यावर पोटाला वळी कुठं पडते, हे कपड्याआड दिसत नाही. चित्र काढणाऱ्याची नजर त्या वेळी मापात गुंतलेली असते. या वर्गांचे नियमही कडक असतात. मॉडेलला हात लावायचा नाही. ठरलेल्या वेळानं विश्रांती द्यायची. विश्रांतीनंतर तीच बैठक परत जमावी म्हणून पायाभोवती खडूनं खूण करून ठेवायची.

पण या वर्गात बायकांना चित्र काढायला कधी मिळालं? हे समजायला थोडं परदेशात डोकवावं लागेल, कारण ही पद्धत तिकडूनच आली आणि तिच्यासोबत तिकडचे नियमही आले.

लंडनमध्ये १७६८ मध्ये चित्रकारांची मोठी संस्था स्थापन झाली, रॉयल अकादमी. स्थापना करणाऱ्यांत दोन बायका होत्या, अँजेलिका काउफमन आणि मेरी मोझर. काही वर्षांनी झोफानी नावाच्या चित्रकारानं या सगळ्या सभासदांचं एक मोठं चित्र काढलं. सगळे पुरुष लाइफ क्लासमध्ये जमलेत, विनाकपड्यांचा पुरुष मॉडेल बसलाय, चर्चा चाललीय. मग या दोघी कुठं आहेत? भिंतीवर. झोफानीनं त्यांची तोंडं भिंतीवर टांगलेल्या तसबिरींत काढली. संस्था उभी करणाऱ्यांत त्यांची नावं, पण ज्या खोलीत काम चालतं तिथं त्यांना यायला मनाई. ग्रामपंचायतीत सरपंच बाई आणि खुर्चीवर तिचा नवरा, हे बघितलेल्यांना हे चित्र समजावून सांगायला नको.

पुढे बाण्णव वर्षं त्या संस्थेच्या शाळेत एकही मुलगी विद्यार्थिनी नव्हती. १८६० मध्ये लॉरा हरफर्ड नावाच्या मुलीनं आपली चित्रं पाठवली. खाली पूर्ण नाव न लिहिता नुसतं ‘एल. हरफर्ड’ लिहिलं. परीक्षकांना वाटलं मुलगाच आहे, त्यांनी प्रवेश दिला. मुलगी निघाल्यावर त्यांना नाही म्हणता येईना, कारण मुलींना घ्यायचं नाही असं नियमात कुठं लिहिलंच नव्हतं! तरी लाइफ क्लासचं दार बंदच राहिलं. विद्यार्थिनींनी पुन्हापुन्हा अर्ज केले. शेवटी १८९३ मध्ये त्यांना परवानगी मिळाली, तीही मॉडेलच्या कमरेला कापड गुंडाळण्याच्या अटीवर. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेनं मुलींना प्रवेश दिला तो १८९७ मध्ये. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या कलाशाळेत टॉमस एकिन्स या शिक्षकानं मुलींच्या समोर पुरुष मॉडेलचं लंगोट काढलं, तर १८८६ मध्ये त्याला नोकरी सोडावी लागली.

यातली गंमत लक्षात घ्या. बाईनं विनाकपडे बसावं आणि खोलीभर पुरुषांनी तिच्याकडे बघून चित्र काढावं, याला कुणाची हरकत नव्हती. बाईनं चित्र काढावं म्हटलं की सभ्यता आडवी येत होती.

आता मला फार आवडलेली एक बाई सांगते. फ्रान्समधली, सुझान वालादों. जन्म १८६५ चा. आई लग्नाविना आई झालेली, पॅरिसमध्ये कष्टाची कामं करून पोट भरणारी. सुझान लहानपणापासून मिळेल ते काम करायची. सर्कशीत कसरती करायची. पंधरा-सोळाव्या वर्षी तिथं पडली आणि ते काम सुटलं. मग चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून बसायला लागली. रेन्वार, तुलूज-लोत्रेक अशा मोठमोठ्या चित्रकारांनी तिला समोर बसवून चित्रं काढली. ते तिच्याकडे बघत होते आणि ती त्यांच्याकडे बघत होती. हा रेघ कुठून सुरू करतो, तो रंग कसा मिसळतो, चूक झाली तर काय करतो. शाळेची फी भरायची ऐपत नव्हती, पण शाळेच्या मधोमध तीच बसलेली होती. घरी जाऊन ती काढायला लागली. आई, मुलगा, शेजारच्या बाया, अंघोळ करणाऱ्या, केस विंचरणाऱ्या. देगा नावाच्या नामांकित चित्रकारानं तिची चित्रं पाहिली आणि विकत घेतली. १८९४ मध्ये तिथल्या राष्ट्रीय संस्थेच्या प्रदर्शनात तिची चित्रं लागली. तिच्या चित्रातल्या बाया कुणाला खूश करायला बसलेल्या वाटत नाहीत. थकलेल्या असल्या तर थकलेल्या दिसतात, जाड असल्या तर जाड. बसून बसून पाठ कशी अवघडते हे तिला स्वतःला माहीत होतं ना.

आपल्याकडे काय झालं? धुरंधर मास्तरांची मुलगी अंबिका, जन्म १९१२ चा, वडिलांच्याच शाळेत शिकली. १९३१ मध्ये तिनं चित्रकलेची पदविका मिळवली. जे. जे.मधून अशी पदविका घेणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी त्या एक. आयुष्यभर त्यांनी चित्रं काढली. वडिलांचा पाठिंबा होता म्हणून ते दार उघडलं, हेही खरं. ज्यांच्या घरी धुरंधर नव्हते त्या मुलींचं काय झालं, ते कुणी लिहून ठेवलं नाही.

त्याच सुमाराला अमृता शेरगिल पॅरिसच्या त्या सरकारी कलाशाळेत शिकत होत्या, जिथं मुलींना येऊ द्यायला १८९७ साल उजाडलं होतं. तिथं त्यांनी मॉडेलवरून भरपूर काम केलं. १९३४ मध्ये भारतात परत आल्या, १९३६ च्या शेवटाला आपल्या अजिंठ्याला येऊन गेल्या. पॅरिसमध्ये हात आणि नजर तयार झाली होती, पुढे ती नजर खेड्यातल्या साध्या बायांवर स्थिरावली. अठ्ठावीस वर्षांचंच आयुष्य मिळालं त्यांना.

आणि आपल्या विदर्भाचं नाव घ्यायचं तर बी. प्रभा. नागपूरजवळच्या बेला गावात १९३३ मध्ये जन्मलेल्या. आधी नागपूरच्या कलाशाळेत शिकल्या, मग जे. जे.मध्ये. त्यांच्या चित्रांत सगळीकडे बाया आहेत. उंच, सडपातळ, लांब मानेच्या. मासे विकणाऱ्या, टोपली घेतलेल्या, दुष्काळानं सुकलेल्या. गावाकडची बाई मोठ्या शहरातल्या प्रदर्शनाच्या भिंतीवर जाऊन उभी राहिली, आणि तिला तिथं नेणारी आपल्याच मुलखातली एक बाई होती, हे आपल्याला माहीत असायला हवं.

पण या सगळ्यात बसणाऱ्या बाईचं काय? चित्रकाराचं नाव चित्राखाली असतं, तिचं नसतं. मुंबईच्या कलाशाळेत मॉडेल म्हणून काम केलेल्या बायकांबद्दल वर्तमानपत्रांत अधूनमधून छापून आलं आहे. बहुतेकींच्या घरी कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. तासन् तास न हलता बसायचं, हे अंगमेहनतीचं काम आहे. विश्वास नसेल तर एक हात वर करून पाच मिनिटं तसाच ठेवून बघा. तरी या बायका काय काम करतात हे घरी, चाळीत सांगू शकत नव्हत्या. रवी जाधव यांनी यावर ‘न्यूड’ नावाचा मराठी सिनेमा काढला. गावाकडून मुलाला घेऊन मुंबईला आलेली यमुना मुलाच्या शिक्षणासाठी हे काम करते आणि त्याच्यापासून लपवते, अशी त्याची गोष्ट. २०१७ मध्ये गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवातून तो ऐनवेळी वगळला गेला आणि २०१८ मध्ये सगळीकडे प्रदर्शित झाला. म्हणजे १९१९ नंतर जवळपास शंभर वर्षांनी या बाईची बाजू आपण पडद्यावर पाहिली, आणि तरीही तिच्या नावानं वाद झाला. रोवणीची मजुरी जशी मजुरी, तेंदूपत्त्याची मजुरी जशी मजुरी, तशीच ही मजुरी. तिचे तास मोजले पाहिजेत, दर ठरला पाहिजे, आणि लाज वाटायची असेल तर ती तिला वाटायला नको.

आता आपल्याबद्दल. आम्ही काहीजणी महिन्यातून एकदा, बैठकीचं कामकाज संपलं, वसुलीची नोंद झाली, की एक तास चित्र काढतो. एक बाई बसते, बाकीच्या काढतात. कपड्यांनिशी, अर्थातच. आपल्याला परीक्षा द्यायची नाही, आणि खरं सांगू का, लुगड्याच्या निऱ्या आणि डोईवरचा पदर काढणं हेच इतकं अवघड आहे की वर्षभर पुरतं. सामान काय, तर पेन्सिल, खोडरबर आणि एका बाजूनं कोरे असलेले जुने कागद.

जे आम्हाला उपयोगी पडलं ते सांगते. आधी एक-एक मिनिटाची चार-पाच चित्रं काढा. मिनिटभरात नाकडोळे काढायला वेळच नसतो, म्हणून पाठीची रेघ, मानेचा कल, वजन कुठल्या पायावर आहे, एवढंच येतं. हात मोकळा होतो. मग पाच मिनिटांचं एक, मग वीस मिनिटांचं एक. माप घ्यायचं असेल तर हात सरळ ताणा, एक डोळा मिटा आणि उभ्या पेन्सिलीवर अंगठ्यानं समोरच्या बाईच्या डोक्याची उंची धरा. तेच माप खाली खाली मोजत न्या. उभं मोठं माणूस साधारण साडेसात डोकी भरतं. बसलेलं किती भरतं ते तुम्हीच मोजा. डोळे कुठं काढता तेही तपासा. आपण सगळ्याच डोळे कपाळाजवळ काढतो, खरं तर ते डोक्याच्या उंचीच्या मधोमध असतात. आणि हात नीट जमत नसला तर हात काढूच नका. हात आणि कंबर यांच्या मधली जी रिकामी जागा आहे तिचा आकार काढा. हात आपोआप येतो.

बसणाऱ्या बाईसाठी आम्ही नियम ठरवले आहेत. तिला आधी विचारायचं, नाही म्हणाली तर आग्रह नाही. वीस मिनिटांवर बसवायचं नाही, मध्ये पाणी आणि पाय मोकळे करायला वेळ. मोबाइलवर फोटो काढायचा नाही. चित्र आधी तिला दाखवायचं, तिनं म्हटलं कुणाला दाखवू नका तर दाखवायचं नाही. आणि पाळी सगळ्यांवर येते. जी काढते ती पुढच्या महिन्यात बसते, अध्यक्षसुद्धा. सुझान वालादोंला दोन्ही जागा माहीत होत्या, तशा आपल्यालाही व्हाव्यात.

एकदा एक मावशी बसल्या होत्या. चित्र बघून त्यांनी विचारलं, “काय वं, माझा हा डावा खांदा असा खाली आहे?” चार जणींनी चार बाजूंनी काढलं होतं आणि चारही चित्रांत खांदा उतरलेलाच होता. मग त्याच म्हणाल्या, लग्न झाल्यापासून पाण्याचा गुंड त्याच कडेला. आम्ही त्यांना दर आठवड्याला भेटतो, त्यांच्या सह्या घेतो, पण तो खांदा त्या दिवसापर्यंत आमच्यापैकी कुणाला दिसला नव्हता. पुढच्या आरोग्य शिबिरात त्या तो खांदा दाखवून आल्या. त्यासाठी आम्ही चित्र काढत नाही, पण नीट बघितलं की असंही होतं.

यातून पैसे किती मिळतात, असं घरून विचारतात. काहीच मिळत नाहीत. आपल्या गटाच्या प्रत्येक कामाला उत्पन्नाचा रकाना असतो आणि तो असायलाच हवा, त्यावर आपली घरं चालतात. पण हौस नेहमी कुणी केली ते बघा. १८८८ मध्ये मुंबईत बॉम्बे आर्ट सोसायटी निघाली, ती हौशी चित्रकारांना प्रोत्साहन मिळावं म्हणूनही. तेव्हा हौसेनं चित्र काढणाऱ्यांत साहेब होते, त्यांच्या मडमा होत्या. त्यांच्या घरी पाणी भरायला, भांडी घासायला दुसरं कुणी होतं, म्हणून त्यांच्याकडे दुपार मोकळी होती. बाईच्या हातात पेन्सिल येण्यासाठी कितीतरी वर्षं अर्ज-विनंत्या झाल्या. तो भाग झाला. आता राहिला आहे तो वेळेचा भाग, आणि त्याचा अर्ज आपल्याला दुसऱ्या कुणाकडे नाही, आपापल्या घरीच करायचा आहे. महिन्यातला एक तास. तेवढा वेळ चूल नवऱ्यानं सांभाळली तर घर काही उपाशी राहत नाही.

ज्या गटांना करून बघायचं आहे त्यांनी पुढच्या बैठकीला प्रत्येकी एक पेन्सिल आणि चार कागद आणायला सांगा. पहिल्यांदा गटात जी सगळ्यात जास्त बोलते तिला बसवा. वीस मिनिटं तिला गप्प बसावं लागेल, तेवढंच सगळ्यांना हसायला मिळेल. चित्र बिघडलं तरी फाडू नका. तारीख घालून, ज्या बाईचं काढलं तिचं नाव खाली लिहून ठेवा. काढणारीचं नाव नंतर लिहिलं तरी चालेल.

भेटू पुढच्या भागात. तोवर सगळ्यांना नमस्कार, जय सेवा.